ठाणे रोज टीव्हीवर, ठाण्याची बातमी कुठंच नाही: एका केबल बातमीपत्राचं प्रकरण

हे प्रकरण २०२३ च्या मे महिन्यात सुरू झालं आणि दिवाळीच्या आसपास त्याला एक मुक्काम लाभला. केबल नेटवर्कचं नाव दिलेलं नाही, माणसांचीही नाहीत, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. बातमीपत्र वाचवायला जो गट जमला त्यात मी होते, बैठकांची टिपणंही मीच ठेवत होते. त्यामुळे हे लिखाण तटस्थ नाही. पण आमचं जिथं चुकलं तिथं ते चुकलं असंच लिहिलंय. पत्रकारितेच्या संध्याकाळच्या वर्गावर मी शिकवते, आणि हे मुळात त्या मुलांसाठी लिहायला घेतलं होतं.

पार्श्वभूमी

ठाण्याला लोकल केबलच्या बातम्यांची सवय जुनी आहे. नव्वदच्या दशकात गच्चीवरून गच्चीवर काळ्या वायरी गेल्या, केबलवाला रात्री पिक्चर लावायचा आणि त्याच्या आधी गावातल्या बातम्या. १९९५ चा केबल कायदा आला, नोंदणी आली. ३१ मार्च २०१३ ही ठाणे, नवी मुंबई आणि कल्याण-डोंबिवलीसाठी डिजिटायझेशनची मुदत होती. घरोघरी सेट टॉप बॉक्स बसले आणि लहान केबलवाले मोठ्या नेटवर्कच्या छत्राखाली गेले. लोकल चॅनल मात्र टिकलं. शंभर चॅनलांच्या गर्दीत ते कुठल्या नंबरावर आहे हे घरातल्या म्हाताऱ्यांना पाठ असायचं.

आपल्या प्रकरणातलं बातमीपत्र रात्री आठला लागायचं, अर्ध्या तासाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तेच परत. चार वार्ताहर, दोन कॅमेरे, एक निवेदिका. गोखले रोडवरचे फेरीवाले, तलावपाळीची साफसफाई, गडकरी रंगायतनमधला एखादा सत्कार, विटाव्याच्या सबवेखाली साचलेलं पाणी, घोडबंदर रोडवरची कोंडी. चित्रण कधी हलायचं, आवाज कधी गाडीच्या हॉर्नमध्ये बुडायचा. तरी लोक बघायचे, कारण त्यात आपली गल्ली असायची.

आणि पाणी असायचं. ठाण्याच्या पाण्याची गोष्ट बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. शहराला एका ठिकाणाहून पाणी येत नाही. महापालिकेची स्वतःची योजना आहे, स्टेम हे पाणीपुरवठ्याचं प्राधिकरण आहे, मुंबई महापालिकेकडून मिळणारं आहे आणि कळवा, मुंब्रा, दिवा हा पट्टा एमआयडीसीच्या पाण्यावर आहे. दुरुस्ती निघाली की शटडाउन होतो, बहुतेकदा गुरुवारी रात्री बारा ते शुक्रवारी रात्री बारा. त्याची जी प्रेसनोट निघते ती वाचण्यासारखी असते: दिवा, मुंब्रा, कळवा, त्यातले अमुक प्रभाग वगळून, वागळे प्रभाग समितीतलं किसननगर क्रमांक २, नेहरूनगर, माजिवडा-मानपाडामधला कोलशेत खालचा गाव. या ‘वगळून’ आणि ‘काही भाग’ शब्दांत कुणाच्या घरी पिंप भरायचं आणि कुणाच्या नाही हे ठरतं. आठच्या बातम्यांत ही यादी सगळीच्या सगळी, सावकाश वाचली जायची.

कळव्याच्या एक मावशी घरोघर पोळ्या करतात. सकाळचं पहिलं घर उरकून त्या चहाला घरी टेकतात तेव्हा पुनःप्रसारण चालू असायचं. भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये त्या चौकटीत पेन्सिलीनं ‘पा. नाही’ असं लिहून ठेवायच्या. आमच्या पहिल्या बैठकीला त्या ते कॅलेंडर खिळ्यावरून काढून घेऊन आल्या होत्या. जानेवारीपासून मेपर्यंतची पानं उलटत त्यांनी आम्हाला एकेक खूण दाखवली. एकही खूण चुकीची निघाली नव्हती, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

आणखी एक गोष्ट पार्श्वभूमीत धरायला हवी. ६ मार्च २०२२ पासून ठाणे महापालिकेत प्रशासक होता. १३१ नगरसेवकांची मुदत संपली होती आणि निवडणूक झालेली नव्हती. म्हणजे नळाला पाणी नाही, गटार तुंबलंय, दिवाबत्ती गेली, तर सभागृहात उभं राहून विचारणारं कुणी उरलं नव्हतं. पाचपाखाडीला महापालिका भवनात जाऊन अधिकाऱ्यासमोर बूम धरणारा लोकल चॅनलचा पोरगा, एवढाच काय तो रोजचा प्रश्न उरला होता.

त्याच काळात राज्याचे मुख्यमंत्री ठाण्याचे होते. त्यामुळे मोठ्या मराठी वाहिन्यांवर ठाणे रोज दिसत होतं. टेंभी नाका, बंगल्याबाहेरचे पोलीस, गाड्यांचा ताफा. बातमी सुटली की गाव ‘ठाणे’च असायचं. पण त्यात ठाण्यात राहणाऱ्या माणसाच्या उपयोगाचं काही नसायचं.

बातमीपत्र का बंद होत होतं

मेच्या मध्याला स्क्रीनखालच्या पट्टीत एक ओळ फिरू लागली: १ जूनपासून प्रेक्षकांच्या सेवेत नवे विस्तारित बातमीपत्र. विस्तारित म्हणजे काय ते आठवडाभरात कळलं. ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि नवी मुंबई या तिघांची वेगवेगळी बातमीपत्रं बंद करून एकच अर्धा तास होणार होता, तोही ठाण्याबाहेर तयार होणारा. चारपैकी तीन वार्ताहरांना महिनाअखेरीस येऊ नका असं सांगितलं गेलं. निवेदिकेला तेही कुणी सांगितलं नाही, तिला ते कॅमेरामनकडून कळलं.

नेटवर्कला दोष देणं सोपं आहे आणि आम्ही तो पहिला महिनाभर भरपूर दिला. पण कारणं खरी होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं केबल नेटवर्कच्या स्वतःच्या चॅनलांसाठी, म्हणजे ज्यांना सरकारी भाषेत ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ म्हणतात त्यांच्यासाठी, मार्गदर्शक तत्त्वं काढली. दर चॅनलला हजार रुपये भरून नोंदणी, स्थानिक बातम्या फक्त नोंदणीकृत कंपनीलाच दाखवता येतील, नव्वद दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवायचं. आणि एक अट अशी की हा मजकूर दुसऱ्या कुठल्याही वितरकाला, आडमार्गानंही, द्यायचा नाही. आमच्या शहरातलं हे बातमीपत्र एक बाहेरची संस्था बनवायची आणि तेच दोन नेटवर्कवर चालायचं. खर्च वाटला जायचा. नव्या अटीनं ती वाटणी संपली आणि सगळा भार एकट्यावर आला.

उत्पन्नाचं कारण तर आम्हाला सुचलंही नसतं. ते नेटवर्कच्या व्यवस्थापकांनीच पुढं एका भेटीत सांगितलं. “मॅडम, बातम्यांना जाहिरात कोण द्यायचं माहितीय? साड्यांचे सेल आणि वाढदिवस. नगरसेवकाच्या वाढदिवसाला आठवडाभर शुभेच्छा चालायच्या. आता नगरसेवकच नाहीत, निवडणूक कधी ते कुणाला ठाऊक नाही. शुभेच्छा कोण देणार आणि कुणाला?”

हे ऐकून मी वहीत लिहायची थांबले होते. ज्या कारणानं शहराला या बातम्यांची सगळ्यात जास्त गरज होती, त्याच कारणानं त्यांचे पैसे आटले होते.

कोण जमलं

नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या सभागृहात पहिली बैठक झाली. वागळे इस्टेटमधून निवृत्त झालेले एक फोरमन काका, कळव्याच्या मावशी, दिव्याहून रोज लोकलनं येणारी कॉलेजची एक मुलगी, लोकमान्यनगरच्या रिक्षा संघटनेतले एक दादा, दोन ज्येष्ठ नागरिक संघांचे पदाधिकारी, मी. कामावरून काढलेल्यांपैकी एक वार्ताहर मागच्या खुर्चीवर बसला होता. त्याला आम्ही पुढं बोलावलं नाही. ही आमची पहिली चूक. त्याला विचारलं असतं तर कंपनीत निर्णय कुणी घेतला आणि आता कुणाशी बोलायचं हे त्याच दिवशी कळलं असतं. आम्हाला ते कळायला पाच आठवडे लागले.

समोरच्या वाटा

पहिली सूचना काकांची. “केबल तोडा. सगळ्यांनी एका दिवशी तोडा. १५३ रुपये ४० पैसे महिन्याला जातात ना, बंद करा, मग येतील ताळ्यावर.” हा आकडा त्यांना पाठ होता, कारण मूळ १३० रुपये आणि त्यावरचा जीएसटी असा तो २०१९ पासून बिलावर यायचा. टाळ्या पडल्या. कोपरीचे एक केबलचालक बैठकीला आले होते, ते उठून म्हणाले, “काका, तुम्ही तोडलीत तर नेटवर्कला खरचटतही नाही. आधी माझं कलेक्शन जातं. आणि बातम्या त्याच बॉक्सवर आहेत. बॉक्स गेला तर भांडताय कशासाठी?” सभागृहात शांतता झाली. बहिष्कार तिथंच मागं पडला. त्या केबलचालकाच्या बोलण्यात पुढची सगळी वाट होती, पण आम्ही त्यातून फक्त ‘हे करायचं नाही’ एवढंच उचललं.

दुसरी वाट माझी होती, आणि ती चुकीची निघाली. मी बैठकीत इंग्लंडचं उदाहरण दिलं. २००९ मध्ये तिथल्या आयटीव्ही या वाहिनीनं स्कॉटलंडच्या सीमेलगतच्या बॉर्डर भागाचं कार्लाइलहून होणारं बातमीपत्र शेजारच्या टाइन टीज या न्यूकॅसलकडच्या भागाच्या बातमीपत्रात विलीन केलं. न्यूकॅसलच्या बातम्या बॉर्डर भागातल्या कंब्रियाच्या गावांनी का बघायच्या, म्हणून लोक चिडले, विरोध झाला, आणि चार वर्षांनी, २०१३ मध्ये, त्या भागाला स्वतंत्र बातम्या परत मिळाल्या. सगळ्यांचे चेहरे उजळले. नेमकं २०२३ च्या जूनमध्ये पुण्याचं प्रकरण घडलं. पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय झाला, पुणेकरांनी आणि पुढाऱ्यांनी आवाज उठवला आणि केंद्रीय मंत्र्यांनी स्थगिती दिली. मग काय, आमच्या गटाला वाटलं, आपणही वरती आवाज पोचवला की झालं.

फरक मला तेव्हाच सांगता यायला हवा होता. ब्रिटनमध्ये आयटीव्हीच्या परवान्यातच प्रादेशिक बातम्या किती द्यायच्या ते लिहिलेलं असतं आणि ऑफकॉम नावाची नियामक संस्था ते तपासते. पुणे आकाशवाणी सरकारी यंत्रणेतली, मंत्र्याच्या एका शब्दावर थांबणारी. आमचं बातमीपत्र एका खासगी कंपनीनं स्वतःहून चालवलेलं होतं. केबलच्या कायद्यात दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवायची सक्ती आहे, स्थानिक बातम्या दाखवायची नाही. ट्राय, म्हणजे आपल्याकडचं दूरसंचार नियामक प्राधिकरण, दर आणि सेवेचा दर्जा बघतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत आक्षेपार्ह मजकुराच्या तक्रारी येतात. न दाखवलेल्या मजकुराची तक्रार कुठं करायची, त्याला खिडकीच नाही.

तिसरी वाट दिव्याच्या मुलीनं मांडली: आपणच यूट्यूबवर बातम्या सुरू करू. तरुणांना पटली. मावशींनी विचारलं, “ते माझ्या टीव्हीवर दिसेल का गं?” मुलगी गप्प झाली. शिवाय रोज महापालिकेत कोण जाणार, चुकीची बातमी गेली तर नोटीस कुणाच्या नावावर येणार, यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. ही वाट आम्ही बाजूला ठेवली आणि मला आजही ते बरोबर वाटतं.

चौथी वाट, अर्धा तास नाही तर निदान दहा मिनिटं मागायची, ही कुणी बोलूनच दाखवली नाही. कमी मागणं म्हणजे हार, असं वातावरण होतं.

पहिले पाच आठवडे

सह्यांची मोहीम, निवेदन, जिल्हाधिकारी कार्यालयात दोन फेऱ्या, तीन पक्षांच्या कार्यालयांत चहा. निवेदनाची भाषा मी लिहिली होती. त्यात ठाण्याची अस्मिता होती, मराठी संस्कृती होती, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत धावलेली पहिली रेल्वेसुद्धा होती. वाचायला चांगलं होतं. पण त्यात मागणी अशी एकच ओळ होती: बातमीपत्र पूर्ववत सुरू करावे.

जिल्हाधिकारी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्यानं निवेदन शांतपणे वाचलं आणि विचारलं, “यात मी नेमकं काय करावं असं तुम्हाला वाटतं?” त्यांचा स्वर चांगला होता. आमच्याकडे उत्तर नव्हतं. बाहेर येऊन कोर्ट नाक्याला उभ्या उभ्या आम्ही एकमेकांवर चिडलो. पुढाऱ्यांनी पाठिंबा दिला, फोटो काढले. ते फोटो नव्या एकत्रित बातमीपत्रात लागले, वीस सेकंद, आणि खाली पट्टी होती ‘ठाणेकरांचे निवेदन’. कशाचं निवेदन ते सांगितलंच नव्हतं.

पावसाचा तो बुधवार

जूनअखेर शटडाउनची प्रेसनोट निघाली. एमआयडीसीचं पाणी, गुरुवार रात्री बारापासून चोवीस तास. बुधवारी रात्री एकत्रित बातमीपत्रात ती बातमी आली. मी घड्याळ लावून ऐकली. निवेदक म्हणाला, “ठाण्यात उद्या रात्रीपासून चोवीस तास पाणीपुरवठा बंद राहणार आहे,” आणि पुढं पनवेलच्या एका उद्घाटनाकडे वळला.

नौपाड्यात आमच्या सोसायटीत दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पिंपं, बादल्या, टपं भरली. टाकी संध्याकाळीच तळाला गेली. आमचं पाणी बंद होणारच नव्हतं. तिकडं किसननगरमध्ये उलटं झालं. तिथल्या लोकांना वाटलं ठाणे म्हणजे तलावपाळीकडचं, आपलं वागळे वेगळं. आणि शुक्रवारी सकाळी नळ कोरडे. शटडाउन संपला तरी पुढं दीड-दोन दिवस दाब कमी असतो हे सांगायचं तर राहूनच गेलं होतं.

काकांनी शनिवारी बैठक बोलावली. या वेळी घोषणा नव्हत्या. त्यांनी शंभर पानी वही उघडली, मधोमध पट्टीनं रेघ मारली. डावीकडे लिहिलं, ‘काय कळायला हवं होतं’. उजवीकडे, ‘काय कळलं’. फोरमन म्हणून आयुष्यभर लॉगबुक लिहिलेला माणूस. पुढचे दोन आठवडे आम्ही आळीपाळीनं ती वही भरली. मी वर्गात माध्यमांवर इतकी वर्षं बोलत आले, पण एका बातमीपत्राची किंमत इतक्या नेमकेपणानं मला कधी मांडता आली नव्हती.

एका रात्रीचं पान असं. डावीकडे: विटावा सबवे दुपारी तीन ते सहा बंद, भरती, कोपरीत महावितरणची दुरुस्ती, सकाळी दहा ते दोन, मुंब्र्यात शाळेच्या छताला गळती, घोडबंदरला कासारवडवलीजवळ मेट्रोच्या कामासाठी रात्री वाहतूक वळवली. उजवीकडे: वाशीतलं प्रदर्शन, डोंबिवलीतला मोर्चा, ठाण्यात एका मंडळाचा सत्कार.

वाट बदलली

निर्णयाची खरी जागा ही होती. वही घेऊन पुन्हा वर जायचं की दुसरीकडे? कोपरीच्या केबलचालकांनी सांगितलं, “साहेबांकडे मी नेतो. पण एकटा नको. आम्ही सात-आठ जण येतो, तुम्ही वही आणा.”

केबलचालकांना आमच्याइतकीच गरज होती, हे आम्ही दीड महिना बघितलं नव्हतं. त्यांची गिऱ्हाइकं फायबरकडे, मोबाइलकडे जात होती. मालिका, क्रिकेट, पिक्चर सगळं दुसरीकडे मिळतं. दुसरीकडे न मिळणारी एकच वस्तू त्यांच्याकडे होती, गावातली बातमी. आणि ज्या अटीनं खर्च वाढवला होता, की हा मजकूर दुसऱ्या वितरकाला द्यायचा नाही, तीच अट आता आमच्या बाजूनं बोलत होती. डिशवाल्याकडे ते कधी येणारच नव्हतं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात भेट झाली. व्यवस्थापकांनी वही चाळली, एका पानावर थांबले आणि म्हणाले, “हे पाण्याचं आमच्याकडून चुकलंच.” मग मागण्या झाल्या, या वेळी लिहून, पाच: ठाण्यासाठी वेगळी दहा मिनिटं, पाणी, वीज आणि वाहतूक यांची माहिती प्रभागांच्या नावांसकट, काढलेल्यांपैकी निदान एका वार्ताहराला परत, त्याच्यासोबत ठाण्यातलाच कॅमेरा, आणि प्रेसनोट आल्यापासून शटडाउन संपेपर्यंत खाली पट्टी. केबलचालकांनी आपल्या भागातल्या दुकानदारांकडून छोट्या जाहिराती आणून द्यायची तयारी दाखवली. त्यांना त्यावर कमिशन ठरलं.

निवेदिकेसाठी आम्ही काहीच मागितलं नाही. यादी छोटी ठेवायची म्हणून तिचं नाव गाळलं. सतरा वर्षं तिच्या आवाजात या शहरानं आपल्या बातम्या ऐकल्या होत्या. ती आता एका क्लासच्या कार्यालयात काम करते. ही गोष्ट मला अजून बोचते.

बोलणी चालू असतानाच ऑगस्टमध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात एका दिवसात अठरा रुग्णांचे मृत्यू झाले. सगळ्या वाहिन्यांच्या ओबी व्हॅन कळव्यात लागल्या. नेटवर्कमधल्या एकानं आम्हाला म्हटलं, “बघा, ठाण्याची बातमी राज्यभर जातेच की.” मावशींनी त्याला दिलेलं उत्तर मी जसंच्या तसं टिपून ठेवलंय: “दादा, माणसं गेल्यावर आले सगळे. त्याच्या आधी खाटा पुरत नव्हत्या, लोक जमिनीवर झोपायचे, ते बघायला तुमचा मुलगा यायचा कॅमेरा घेऊन. त्याला तुम्ही काढलंत.” त्यावर तो माणूस काही बोलला नाही.

निष्पत्ती

नवरात्राच्या सुमारास रात्री ७.५० ला ठाण्याची दहा मिनिटं सुरू झाली. एक वार्ताहर आणि एक कॅमेरामन परत आले. बाकीचे दोघं आले नाहीत, त्यातला एक आता नाशिकला आहे. पाण्याची यादी पुन्हा पूर्ण वाचली जाते, पट्टीही चालते. जाहिराती सुरुवातीला बऱ्या आल्या, दिवाळीनंतर कमी झाल्या, पण दहा मिनिटं बंद झाली नाहीत. दिवा राहून गेलं. एका वार्ताहराला सकाळी पाचपाखाडी आणि दुपारी दिवा जमत नाही. दिव्याची मुलगी मोबाइलवर चित्रण करून पाठवते, त्यातलं थोडं लागतं, तिला मानधन नाही. ते मिळावं म्हणून गटानं दोनदा पत्र दिलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

केबलचालकाला पहिल्याच बैठकीत ऐकायला हवं होतं. काढलेल्या वार्ताहराला पुढं बसवायला हवं होतं. वही मेमध्येच सुरू केली असती, जुनं बातमीपत्र चालू असताना, तर तुलनेला दोन्ही बाजू मिळाल्या असत्या. आता जुन्याबद्दल आमच्याकडे फक्त आठवण आहे आणि मावशींचं कॅलेंडर.

जुनी चित्रणं हा त्याहून मोठा तोटा आहे. नियमानं नव्वद दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवावं लागतं, त्याआधीचं ठेवायला कुणी बांधील नाही. बातमीपत्र बनवणाऱ्या संस्थेचं कार्यालय बंद होताना कॅसेटी आणि हार्ड डिस्क कुठं गेल्या, हे आम्ही ऑगस्टमध्ये विचारलं. तोवर जागा रिकामी झाली होती. इतक्या वर्षांचे पूर, रस्ता रुंदीकरणं, तलाव, सभा, त्यात बोलणारे आणि आता नसलेले लोक, असं सगळं त्यात होतं. मेमध्ये गावातल्या एखाद्या ग्रंथालयाला मध्ये घालून ते मागता आलं असतं. अर्धा तास वाचवण्याच्या नादात कुणाला ते सुचलं नाही. मलाही नाही, आणि मला सुचायला हवं होतं, ते माझं काम आहे.

परदेशातली आणि पुण्याची उदाहरणं मी सांगितली याचा पश्चात्ताप नाही. ती सांगताना निर्णय कुणाच्या हातात आहे हे आधी तपासलं नाही याचा आहे. त्या पाच आठवड्यांत दोन वार्ताहर दुसरीकडे लागले. लवकर गेलो असतो तर कदाचित दोघं परत आले असते.

आणि वेळेचं. आमच्या पाच मागण्यांत सकाळचं पुनःप्रसारण नव्हतं. रात्रीचे दहा मिनिट मिळाले याच आनंदात आम्ही उठलो. मावशी संध्याकाळी खारेगावात दोन घरी पोळ्या करतात, घरी यायला साडेआठ होतात. त्यांनी तेव्हा काही म्हटलं नाही. २०२४ च्या जानेवारीत भेटल्या तेव्हा नव्या कालनिर्णयचं विचारलं, तर म्हणाल्या, “सूनबाई बघते रात्री, ती सांगते मला. पण तिला यादी सगळी लक्षात राहत नाही.” सकाळी आठला ती दहा मिनिटं परत दाखवावीत म्हणून त्याच आठवड्यात पत्र दिलं. खर्च काहीच नाही, तयार बातमीपत्र पुन्हा लावायचं एवढंच, असं व्यवस्थापक स्वतः म्हणाले. पण त्या वेळेला टेलिशॉपिंगचा करार झालेला होता आणि तो मार्चअखेरपर्यंत चालणार होता.